दारामागचा अंगठा

"माझ्या घराला राख फासायची नाही," सोहनी सर म्हणाले आणि त्यांनी टेबलावरचं रंगांचं पुस्तक मिटून टाकलं.

त्यांच्या लेकीनं, वृंदाताईंनी, ते शांतपणे पुन्हा उघडलं. उघडलेल्या पानावर चोवीस राखाडी होते. मी चक्क मोजले, कारण बापलेकीचं जुंपलेलं असताना तिसऱ्या माणसानं बघायचं तरी कुठं?

"बाबा, राख नाही म्हणत याला. पुण्यात गेल्या तीन वर्षांत मी सात जुनी घरं दुरुस्त केली. पाचांना हाच रंग दिलाय."

"मग पुण्यातच दे."

"तिथं माझं घर नाही. हे माझं घर आहे."

सर गप्प बसले. पंचाहत्तरीचा माणूस, सगळी हयात शाळेत विज्ञान शिकवण्यात गेलेली, त्यामुळे गप्प बसले तरी समोरच्याला आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटायला लावायचे. वृंदाताईंना मात्र त्याची सवय होती. आई गेल्यावर पुण्यातलं काम आवरून त्या वडिलांजवळ राहायला सांगलीला आल्या होत्या, आणि आल्या दिवसापासून त्यांनी हे घर हातात घेतलं होतं. शिक्षक कॉलनीतला चौसष्ट सालचा बैठा बंगला. छप्पर झालं, नळ झाले, विजेच्या तारा बदलून झाल्या. राहिल्या होत्या भिंती, आणि त्या रंगवायला मला बोलावलं होतं.

मी विचारल्याशिवाय बोलणारी बाई नव्हे, पण विचारलं की थांबणारीही नव्हे. वृंदाताईंनी माझ्याकडं बघून विचारलं, शालनताई, तुमचं काय मत? मी म्हटलं, ताई, मत नंतर. आधी भिंतीचं ऐका. या भिंती चुन्याच्या आहेत. पुस्तकातला प्लास्टिकचा रंग यांच्यावर चढवलात तर आतली ओल आतच कोंडेल आणि दोन वर्षांत भाजलेल्या पापडासारखे फोड येतील. द्यायचाच तर चुन्यात कालवून द्यायला पाहिजे.

"चुन्यात राखाडी करता येतो?"

"येतो," मी छातीठोकपणे सांगितलं.

जन्मात कधी केला नव्हता. खरं मत विचाराल तर मलाही तो आवडत नव्हता. कुंचले धुतल्यावर बादलीच्या बुडाशी जे उरतं त्याला आम्ही राखाडी म्हणायचो. पण ही गोष्ट दोन हजार बारा सालची आहे, आणि त्या वर्षी कुणी मला घराला शेणाचा रंग दे म्हटलं असतं तरी मी येतो म्हणाले असते. का ते सांगते.

माझे वडील हणमंत रंगारी. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. चुन्याच्या रंगात त्यांचा हात धरणारा माणूस सांगली-मिरजेत नव्हता. शाळेचं तोंड बघितलं नव्हतं, सहीच्या जागी अंगठा. बँकेत, पंचायतीत त्या अंगठ्यापायी लोक त्यांना हसलेले मी पाहिलेत. पण त्याच अंगठ्याची आमच्या कामात वेगळी किंमत होती. घराचा शेवटचा हात मारून झाला की उरलेला रंग वाटीत घ्यायचा, आणि पुढच्या दाराच्या मागं, वरच्या बिजागरीच्या वर, भिंत आणि चौकटीच्या बेचक्यात अंगठा उमटवायचा. ती जागा अशी की पुढं दहा रंगारी येऊन गेले तरी कुणाचा कुंचला तिथवर पोचत नाही. घरमालकालाही पत्ता नसतो. आप्पांच्या उस्तादांनी हा रिवाज त्यांना दिला, आणि त्याचा नियम एकच होता. ज्यानं रंग कालवला त्याचा अंगठा. भिंतीला लावला कुणी, याला महत्त्व नाही.

मी सासरहून कायमची परत आले ती आप्पांच्या हाताखाली लागले. दहा वर्षं चुना विझवला, गाळला, शिडीवर चढले, छताला माना मोडल्या. पण कालवायचं आप्पांनी, चिमूट-चिमूट करून. पुढं त्यांना झटका आला आणि डावं अंग गेलं. त्यानंतर सगळं काम मी एकटी करू लागले, तरी कशात किती घालायचं हे खाटेवरून तेच सांगायचे, त्यामुळं अंगठाही त्यांचाच. दोन वर्षं मी त्यांना रिक्षात घालून नेत होते, फक्त अंगठ्यासाठी. ते उजव्या हाताचा अंगठा बुडवायचे, रिक्षावाला त्यांना वर उचलून धरायचा आणि मी शेजारी वाटी धरून उभी. माधवनगरच्या एका बंगल्यात तर दीड महिना मी एकटी राबले. मी म्हटलं, आप्पा, एवढ्यातला एक तरी माझा असू दे. तर म्हणाले, तू कालवलेला रंग दाखव, मग उमटव.

म्हणजे नियम नियम म्हणून माझं नाव कुठंच नव्हतं. गिऱ्हाइकं तर सरळ विचारायची, मिस्त्री कोण आहे बरोबर? वृंदाताईंनी ते विचारलं नाही. त्यांनी माझ्याशीच बोलणं केलं, म्हणून त्यांचं घर मला पाहिजेच होतं.

घरी आल्यावर आप्पांना सांगितलं. राखाडी रंग, चुन्यातला, कसा करायचा?

"कुणाचं घर?"

"शिक्षक कॉलनीतले सोहनी सर."

आप्पा बराच वेळ पांघरुणाचा काठ चिमटीत धरून बसले. मग म्हणाले, "राखाडी मला येत नाही."

मी चाटच पडले. या माणसाच्या तोंडून अमुक रंग येत नाही असं मी कधी ऐकलं नव्हतं. एका बाईनं हातातली चिंच दाखवून असला रंग द्या म्हटलं होतं, तोही त्यांनी दिला होता. मी दोनदा विचारलं, त्यांनी दोनदा तोंड भिंतीकडं फिरवलं. मला रागही आला आणि खोटं कशाला बोलू, आतून आनंदही झाला. त्यांना येत नाही म्हणजे ते सांगणार नाहीत. सांगणार नाहीत म्हणजे रंग माझा, आणि अंगठाही माझा.

कामाला लागले. दिवाणखान्याच्या भिंतीवरचे डिस्टेंपरचे थर खरवडून काढले. वरती पिस्ता, त्याखाली गुलाबी, त्याखाली आकाशी, आणि सगळ्यात खाली चुन्यातला पिवळा. तो भिंतीला घट्ट धरून होता, म्हणून राहू दिला. आठ दिवस विझवलेला चुना तलम फडक्यातून गाळला. काजळी नुसत्या पाण्यात कालवत नाही, तरंगते, म्हणून ती सरसाच्या पाण्यात घोटून घेतली. रंग तयार केला आणि दारामागच्या भिंतीवर दोन हात लांब, दोन हात रुंद असा नमुन्याचा पट्टा मारला.

सर काठी टेकत आले. ओला पट्टा बघून म्हणाले, "म्हशीची पाठ."

मी म्हटलं, सर, चुना ओला असताना काळाच दिसतो, उद्या वाळल्यावर बघा. तेवढ्यात कॉलनीला सुगावा लागला होताच. समोरच्या आठल्येकाकू चपला न काढताच डोकावल्या आणि म्हणाल्या की शुभ कार्यात या रंगाचं कुणी नेसत नाही, मग भिंतीनं काय पाप केलंय. पोस्टातून निवृत्त झालेले मगदूम त्यांच्यामागून आले. त्यांनी चष्मा वर करून पट्ट्याकडं पाहिलं आणि सरांना विचारलं, "प्लास्टर झालं वाटतं. रंग कधी देणार?"

आठल्येकाकू हसल्या. सर हसले नाहीत. त्यांचा चेहरा एकदम असा पडला की मला नवल वाटलं. एवढ्याशा थट्टेनं एवढं काय झालं हे त्या दिवशी मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टा वाळला. मी दार उघडून बघितलं. राखाडी कसला, निळसर जांभळा. त्यात खाली लाल कोब्याची जमीन, तिचा रंग वर चढून तो आणखीच भेसूर दिसत होता. सर माझ्यामागं येऊन उभे होते.

"हा मढ्याच्या ओठांचा रंग आहे," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, वर्गात चुकलेलं गणित दाखवावं तसं म्हणाले. मग वृंदाताईंकडं वळले. "कुमुदला पिस्ता आवडायचा. पिस्ताच द्या."

आईचं नाव निघाल्यावर वृंदाताई काय बोलणार? सर आत गेल्यावर त्या माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, शालनताई, मी बाबांशी भांडेन, पण असल्या रंगासाठी नाही भांडू शकत. परवा संध्याकाळपर्यंत जमलं तर दाखवा. नाहीतर पिस्त्याचे तयार डबे आणू.

तयार डबे म्हणजे नुसतं झाकण उघडायचं आणि फासायचं. त्यात कालवणं नाही, म्हणजे अंगठा नाही. मी मान हलवली आणि त्या गेल्यावर भिंतीसमोर फतकल मारून बसले. काय चुकलं? चुना चोख, काजळी चोख. कपाळाला हात लावायला गेले तर बोटांकडं लक्ष गेलं. नखांच्या कडेला निळं. आणि मग ध्यानात आलं. नीळ. चुना पांढराशुभ्र दिसावा म्हणून चुनेवाले त्यात चिमूटभर नीळ टाकतात. बारा वर्षं मी रोज टाकत आलेय. त्या दिवशीही हातानं मला न विचारताच टाकली होती, आणि काजळीशी मिळून तिनं माझं तोंड काळं केलं होतं.

स्वतःवरच इतकी चिडले की पातं उचललं आणि तो पट्टा खरवडायला सुरुवात केली. दात ओठ खाऊन खरवडत होते. हात जोरात पडला, आणि इतकी वर्षं न हललेला खालचा पिवळाही तळव्याएवढा निघून आला.

खाली राखाडी होता.

मी हात थांबवला. आधी वाटलं, नुसतं प्लास्टर असेल. फडकं ओलं करून पुसलं तर तो रंग होता, दोन हातांचा, नीट मारलेला. पारव्याच्या गळ्याखाली असतो तसा मऊ. त्यात निळं नव्हतं, काळंही नव्हतं, कुठंतरी आत ऊब होती. मी आजूबाजूचं आणखी थोडं काढलं. सगळीकडं तोच. म्हणजे या घराचा पहिला रंग राखाडी होता. आणि हा असला राखाडी चुन्यात कालवणारा माणूस कोण असेल, असं मनात आलं आणि माझी नजर आपोआप दाराकडं गेली.

स्टूल ओढलं. दार लोटून त्याच्या मागं शिरले, मोबाईलचा उजेड पाडला. वरच्या बिजागरीच्या वर कोळ्याचं जाळं होतं ते बोटानं काढलं. त्याखाली अंगठा होता. राखाडी, स्वच्छ, एकेक रेघ मोजावी असा, आणि मधोमध तिरकी चीर. ती चीर मी लहानपणापासून ओळखते. आप्पा सात वर्षांचे असताना ऊस तोडताना कोयता लागला होता.

मी स्टुलावरून उतरले ते तशीच लाल जमिनीवर बसले. दहा दिवस या घरात वावरत होते आणि माझ्या बापाचा अंगठा माझ्या डोक्यावर होता.

घरी गेले तेव्हा आप्पा जेवत होते. मी हातपायही न धुता समोर बसले आणि म्हणाले, "आप्पा, सोहनी सरांच्या दारामागं तुमचा अंगठा आहे."

त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "आहे का अजून?"

"आहे. आणि तुम्ही मला सांगितलंत, राखाडी येत नाही."

मग त्यांनी सांगितलं, थांबत थांबत, झटक्यानंतर त्यांची जीभ जड झाली होती. तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. सरांचं नवीन लग्न, नवीन घर. रंग ठरवायला कुमुदवहिनींनी त्यांना परसात नेलं, कौलावर बसलेला पारवा दाखवला आणि म्हणाल्या, मला हा पाहिजे. आप्पांनी सहा दिवस खटपट केली. सातव्या दिवशी रंग जमला. उस्ताद स्वतः बघायला आले आणि म्हणाले, हणमंता, हा तुझा, लाव अंगठा. तो त्यांचा पहिला.

"मग वास्तुशांत झाली. सगळी शाळा जेवायला आली. जो येतो तो सरांना एकच विचारतो, घर छान झालं, रंग कधी देणार? मी मांडवाशी पत्रावळी उचलत होतो. सगळं ऐकत होतो. आठवड्यानं तिथनं जाताना बघितलं तर दुसरा रंगारी पिवळा मारत होता. मला बोलावणंही नाही."

"कुमुदवहिनी काही बोलल्या नाहीत?"

"एकदा बाजारात भेटल्या. म्हणाल्या, रंग चांगला होता हो हणमंत. तेवढंच." आप्पा पाणी प्यायले. "त्या दिवसापासनं मला राखाडी येत नाही."

माझ्या बापाला रंगात कुणी हरवू शकत नाही असं मी सगळीकडं सांगत फिरत होते, आणि त्यांचा पहिलाच रंग लोकांनी हसून पुसायला लावला होता. आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मग हळूच, सुरुवातीला शिकवायचे त्या आवाजात म्हणाले, "काजळी घे. तिच्यात..."

"सांगू नका," मी म्हटलं.

ते थांबले.

"सांगितलंत तर अंगठा तुमचा होईल, आप्पा. हा मला माझा पाहिजे."

त्यांचं अर्धं तोंड हलत नव्हतं, पण उरलेल्या अर्ध्यानं ते हसले. ताट पुढं ओढून पुन्हा जेवायला लागले.

दुसरा सगळा दिवस मी त्या दिवाणखान्यात नुसती बसून काढला. वृंदाताईंना वाटलं असेल, बाई खचली. मी आप्पांच्या जुन्या तुकड्यावर नजर ठेवून होते. सकाळी तो पारव्यासारखा होता, दुपारी होता. चार वाजता पश्चिमेच्या खिडकीतून ऊन लाल कोब्यावर पडलं आणि तुकडा लालसर झाला, वीट ओली केल्यासारखा. मी टुणकन उठले. गेरू. आप्पांनी ऊब आणायला काजळीत गेरू घातला होता. एकोणीस वर्षांच्या पोराला खालची जमीन ध्यानात आली नव्हती. तेव्हा बहुतेक ती झालीही नसेल, नुसती माती असेल. पण मला ती समोर दिसत होती. जमीन तांबडा वर टाकते, तर भिंतीनं त्याला कापायला पाहिजे. मी गेरू सोडला आणि पिवडी, ती पिवळी माती, घेतली. काजळीत पिवडी पडली की रंग किंचित हिरवट होतो, शेवाळाच्या वासाइतका. पाच वाट्यांत पाच प्रमाणं केली, पाच पट्टे मारले आणि या वेळी निळीची पुडी घरीच ठेवून आले होते.

ठरलेल्या संध्याकाळच्या आधी, साडेतीनलाच, मी सरांना बोलावलं. वृंदाताईही आल्या. सर पट्ट्यांकडं बघणार तोच त्यांची नजर त्या खरवडलेल्या तुकड्यावर गेली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. भिंतीजवळ जाऊन बोटं टेकवली.

"बाबा, काय झालं?"

"कुमुदचा पारवा," सर म्हणाले.

वृंदाताईंना काही कळेना. पिस्ता आईचा आवडता, असंच त्या जन्मभर ऐकत आल्या होत्या. सर खुर्चीत बसले. काठी दोन्ही हातांत धरून, आमच्याकडं न बघता बोलले.

"पिस्ता तिनं नंतर आवडून घेतला. तिला हा पाहिजे होता. चार लोक हसले म्हणून मी पुसून टाकला. तिला विचारलंसुद्धा नाही." मग म्हणाले, "एक पोरगा होता रंगारी. फार मन लावून काम केलं होतं त्यानं. त्यालाही काही सांगितलं नाही."

"हणमंत," मी म्हटलं. "माझे वडील."

सरांनी माझ्याकडं वर पाहिलं. मास्तर माणूस, इतक्या पोरांना उभं केलं असेल बाकावर, आता स्वतःच उभं केल्यासारखा दिसत होता. मला त्यांची कीव आली, आणि रागही गेला नव्हता. दोन्ही एकदम होतं कधी कधी. मी विचारलं, "सर, पिस्ता देऊ, की यातला एखादा?"

"तू त्याचाच केलायस का?"

"नाही. त्यांचा चार वाजता लाल पडतो. माझा पडणार नाही. बसा आणि बघा."

चार वाजले. ऊन जमिनीवर आलं. आप्पांचा तुकडा लालसर झाला. माझ्या पाचांतले दोन हिरवे दिसले, दोन मळके. मधला तिसरा मात्र सकाळी होता तसाच राहिला, राखाडी आणि शांत. सर खुर्ची पुढं ओढत ओढत भिंतीपाशी गेले. त्यांच्यातला विज्ञानाचा मास्तर जागा झाला होता. जमिनीवरून प्रकाश कसा परततो, तांबड्याला हिरवट कसा खातो, हे ते लेकीला हातवारे करून समजावू लागले, आणि वृंदाताई डोळे पुसत हूं हूं करत होत्या.

मग ते माझ्याकडं वळले. "हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही," मी म्हटलं. आणि ते शब्द माझ्याच कानाला इतके गोड लागले की आजही आठवतात.

"लाव," सर म्हणाले.

तीन आठवड्यांत घर झालं. सरांनी कॉलनीला चहाला बोलावलं आणि मला निरोप दिला, हणमंतांना घेऊन ये. मी आप्पांना धुतलेला सदरा घातला, टोपी घातली, रिक्षात बसवलं. वाटभर ते टोपी सारखी करत होते. सर फाटकात उभे होते. त्यांनी स्वतः हात देऊन आप्पांना उतरवलं, दिवाणखान्यात सगळ्यात चांगल्या खुर्चीत बसवलं. माफीचं काही बोलायला गेले, पण आप्पा भिंत बघत होते, त्यांचं लक्ष नव्हतं.

माणसं जमली. आठल्येकाकूंनी सगळीकडं नजर फिरवली आणि म्हणाल्या, थंड वाटतं हो, बसावंसं वाटतं. मगदूम उशिरा आले. दारातच थांबले, भिंतीवरून नजर फिरवली आणि तेच म्हणाले, सवयीनं, थट्टेत.

"झालं वाटतं घर. रंग कधी देणार?"

आप्पांचा हात खुर्चीच्या दांड्यावर आवळला गेला, तो मी पाहिला. सर काठी न घेता उठले.

"दिलाय," ते म्हणाले. "हाच रंग आहे. या घराचा पहिला रंग हणमंत रंगाऱ्यांनी दिला होता, तो मी भिऊन पुसला. हा त्यांच्या मुलीनं कालवलाय, शालननं. नीट बघा आणि मग चहा घ्या."

मगदूम वरमले. नीट बघितलंही त्यांनी. पुढं दोन महिन्यांनी त्यांच्याच घराचं काम मला आलं, ते वेगळं.

माणसं पांगल्यावर आप्पा म्हणाले, मला दारामागं ने. मी त्यांना धरून नेलं. दार लोटलं. त्यांनी मान वर करून आपला अंगठा पाहिला, अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीचा. मग भिंतीकडं वळले, नाक लावल्यासारखे जवळ गेले.

"पिवडी?"

"हो."

"मी गेरू घातला होता."

"माहीत आहे. चार वाजता लाल पडायचा."

त्यांनी भिंतीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "तुझा बरा आहे." एवढंच म्हणाले, पण आप्पांनी दुसऱ्याच्या रंगाला बरा म्हटलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. त्यांनी बिजागरीच्या वरच्या जागेकडं बोट केलं. "अजून लावला नाहीस?"

"तुम्ही यायची वाट बघत होते."

उरलेला रंग मी वाटीत झाकून ठेवला होता. स्टूल आणलं, वाटी उचलली आणि चढणार, तर आप्पांनी हात पुढं केला. मला वाटलं, आधार मागतायत. त्यांनी माझ्या हातातली वाटी काढून घेतली, आपल्या चांगल्या हातात घट्ट धरली आणि खांदा दाराला टेकवून उभे राहिले.

"चढ," ते म्हणाले. "वाटी मी धरतो."